उणे अठरा

कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत
मासे गोठवायच्या कारखान्यात
माझं काम आकडे लिहायचं.
दर तासाला कोठीचं तापमान: उणे अठरा, उणे अठरा,
एकदा उणे चौदा, तर मध्यरात्री साहेबांचा फोन.
माणसांच्या तापमानाला वहीत रकाना नाही.

काय्तान रेबेल आत जातो.
कुटबणच्या जेटीवरून आलेल्या माणक्यांच्या पेट्या
वीस मिनिटं रचतो, दहा मिनिटं बाहेर.
भुवयांवर मीठ सांडल्यासारखं दंव.
बाहेर आला की आधी हात खिशात:
आल्याचा तुकडा, सालीसकट,
नेत्रावळीच्या कुळागरातला, माती नीट न धुतलेला.
दाढेखाली मोडतो
आणि डोळे मिटून उभा राहतो,
दार वाजवून झाल्यावर
आतल्या पावलांची चाहूल घेत राहावं तसा.

मी बीएस्सी. रसायनशास्त्र, सेकंड क्लास.
मला ठाऊक आहे कुठलं दार.
विस्तव ज्या मज्जातंतूची कडी वाजवतो
तीच कडी वाजवतं जिंजेरॉल.
आत वर्दी जाते: आग!
आग नसते.
शरीर भाबडं, चौकशी करत नाही,
रक्त धावत कातडीपर्यंत येतं,
बोटांची पांढरी टोकं हळूहळू माणसाची होतात.

कोविडातलं ते कपाळावर धरायचं पिस्तूल
अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडलंय.
एका रात्री त्याच्यावर रोखलं.
आल्याच्या आधी छत्तीस पॉइंट एक,
दहा मिनिटांनी छत्तीस पॉइंट दोन.
"बघ, एक दशांश. एवढी तर मशीनचीच चूक असते."
तो तोंडातला चोथा गालात सरकवून हसला.
"बाय, तुजें मशीन भायर आसता.
हांव भितर आसतां."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
जे होतं ते मी त्याला सांगितलं नाही:
रक्त कातडीशी आलं की ऊब बाहेर सांडते.
आपल्याला जी जाणवते
ती पुष्कळदा निघालेली ऊब असते,
उंबऱ्यात चपला शोधणारी.

आणि चयापचय? हो, भट्टी थोडी फुलते म्हणतात.
काही प्रयोगांत चाळीसेक कॅलरी जास्त जळल्या,
काहींत काहीच नाही.
चाळीस कॅलरी म्हणजे अर्धासुद्धा उंडो नाही.
पण तेवढ्यासाठीही पहाटे
पदेराच्या भोंप्याकडे कान लावून बसलेली माणसं
मी पाहिली आहेत. मीही बसले आहे.

मे महिन्यात डॉक्टरांनी त्याची बोटं उलटसुलट पाहिली
आणि कोठी बंद केली.
आता तो गेटवर असतो, पत्र्याच्या खुर्चीत,
ट्रकांचे नंबर लिहितो, घाम पुसतो.
मी एकदा आलं नेऊन दिलं.
चावला, तोंड वाकडं केलं, थुंकला.
"हांगा तें तीख लागता."

त्याचा एक तुकडा माझ्या ड्रॉवरात राहिला होता,
पिस्तुलाशेजारी, विसरलेला.
वाळून सुंठ झाली, मुलाच्या दुधाच्या दातासारखी टणक.
वाळताना जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निसटतो,
उरतं ते शोगाओल, आधीपेक्षा जहाल.
परीक्षेत हे समीकरण मला आलं नव्हतं.

काल कोठीचा बाहेरचा काटा बिघडला.
पहाटे चार वाजता मलाच आत जावं लागलं,
स्वेटरवर स्वेटर, पेन काखेत धरून, शाई गोठू नये म्हणून.
सुंठ दाढेखाली.
आधी काहीच नाही. नुसती माती, नुसतं लाकूड.
मग घशाच्या मागे कुणीतरी काडी ओढली.

उणे अठरा लिहिलं.
छत्तीस किती ते बघितलं नाही.
वहीत पाहा हवं तर,
त्या ओळीतलं अक्षर जरा बरं आलंय.